डोक्याखालची घडी

पूर्णा, ११ जून २०२५

चि. मैत्रेयी,

आशीर्वाद. हा शब्द लिहावा की नाही यात दोन दिवस घालवले, शेवटी लिहिलाच. सहा वर्षांनी तुझा निरोप आला, तोही 'श्री. व्यंकटराव यांस' असा आणि खाली 'आपली विश्वासू'. सख्ख्या मामाला असं लिहिणारी भाची आमच्या घराण्यात तू पहिलीच. पण आला हेच पुष्कळ. मोबाइलवर उत्तर लिहायला बसलो तर एका ओळीला अर्धा तास लागला, म्हणून सरळ कागद घेतला. तुला घाई असेल तर तू ईमेलच करत जा, मी असाच पोस्टाने येत राहीन.

आधी कामाचं. परभणीच्या आमच्या सेंटरमध्ये एमआरआयचं मशीन २००८ च्या दिवाळीत आलं. पहिल्या दिवसापासून २०२० ला घरी बसेपर्यंत मी तिथे टेक्निशियन होतो. सेंटरने नावं पुसून तुमच्या संस्थेला डोक्याच्या ज्या अकराशे चाळीस फाइली दिल्या आहेत, त्यातल्या नऊशे तरी माझ्या हातच्या आहेत. बाकीच्या सिद्धोधनच्या. तो माझ्याच हाताखाली शिकला आणि आज तिथला मुख्य टेक्निशियन आहे. मशीन मधे कधी बदललं नाही. गाठ होती की नाही आणि कोणत्या जातीची, ते प्रत्येक फाइलीसोबतच्या रिपोर्टात डॉक्टरांनी लिहिलेलं आहे, त्यावर तू डोळे मिटून विश्वास ठेव.

तू कॉम्प्युटरला मेंदूतल्या गाठी ओळखायला शिकवते आहेस हे वाचलं आणि सुट्टीतले दिवस आठवले. तुझे बाबा गेल्यावर ताईला झरीच्या शाळेत क्लार्कची नोकरी लागली होती, आणि मे महिन्यात ती तुला माझ्याकडे पूर्णेला पाठवायची. सकाळच्या पॅसेंजरने आपण दोघं परभणीला जायचो. खिडकीची जागा तुझी, डबा माझ्या मांडीवर. सेंटरमध्ये तुला मी काम दिलं होतं: पेशंटच्या अंगावरचे दागिने स्टीलच्या ताटलीत घ्यायचे आणि ते बाहेर येईपर्यंत ताटली सांभाळायची.

चारठाण्याच्या चतुराबाई आठवतात? आठवतच असतील. सगळं काढून दिलं, पण जोडव्यांना हात लावू देईनात. "मालक जित्ते हायेत माझे. जोडवी न्हाई काढायची म्या," म्हणून स्टुलावर ठाण मांडून बसल्या. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, मुलाने हात जोडले. तू तेव्हा बारा-तेरा वर्षांची होतीस. तू जवळ जाऊन म्हणालीस, "आजी, ताटलीत नाही ठेवत. मी हातात धरून बसते." आणि खरंच पाऊण तास मूठ आवळून बसलीस, पाणी प्यायलासुद्धा उठली नाहीस. ही पोरगी माणसांचं काहीतरी करणार, असं मी त्या दिवशी ताईला फोनवर म्हणालो होतो. ती लय खूश झाली होती.

ताईबद्दल तू काही विचारलेलं नाहीस. मीच लिहितो. डॉक्टर रजेवर होते, कागद साचले होते, म्हणून तिच्या डोक्याच्या फोटोंचा रिपोर्ट २०१८ च्या नोव्हेंबरात हातात आला, आणि तोवर उशीर झाला होता. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. त्याच सेंटरमध्ये नोकरीला असून मला घाई करता आली नाही, म्हणून तू माझ्याशी बोलणं सोडलंस. तुझा राग मी समजू शकतो. पण पडद्यावरचं मला कुठलं कळायला? आम्ही बटणं दाबणारी माणसं.

तुझा,
व्यंकटमामा


पूर्णा, २९ जून २०२५

चि. मैत्रेयी,

तुझा ईमेल मिळाला. या खेपेला 'आपली विश्वासू' नव्हतं, नुसतंच नाव होतं. प्रगती आहे.

अडचण मला समजली ती अशी. परभणीचे फोटो दाखवले की तुझं यंत्र शंभरातले सत्त्याण्णव बरोबर ओळखतं. मात्र दुसऱ्या शहरातले फोटो दाखवले की निम्म्याहून जास्त चुकतं, ढळढळीत गाठ असलेल्या माणसाला 'गाठ नाही' म्हणतं. तुझे सोबतचे लोक म्हणतात, तिकडचं मशीन वेगळ्या बनावटीचं असेल, म्हणून होतं. तुला ते पटत नाही. यंत्र फोटोतला नेमका कोणता भाग बघून ठरवतं हे दाखवणारा लाल रंग तू त्याच्याकडून भरून घेतलास, तर तो गाठीवर पडायच्या ऐवजी कवटीच्या मागच्या काळ्या जागेत पडतो, जिथे काहीच नसतं. आणि पंधरा ऑगस्टपासून आपल्या जिल्ह्यातल्या तपासणी शिबिरांत हेच यंत्र लावायचं ठरलं आहे, परभणीवर चांगलं चालतं म्हणून. ते ज्यांना 'गाठ नाही' म्हणेल त्यांना घरी पाठवणार, त्यांचे फोटो डॉक्टर फुरसतीने, महिना-दीड महिन्याने बघणार. तेव्हा सेंटरमध्ये काही वेगळं केलं जात होतं का, असं तू विचारलं आहेस.

२०१४ साली डोक्यावर बसवायची जाळी बदलली होती. तो फरक असू शकेल. सिद्धोधनलाही विचारतो. मला वेळ दे, नीट विचार करून कळवतो.

तुझं वाचताना ते चार ढीग डोळ्यांपुढे आले. खराब छापल्या गेलेल्या फिल्मा मी फेकून न देता खोक्यात ठेवायचो आणि दुपारी काम नसलं की तू त्या फरशीवर पसरायचीस. मी एकदाच सांगितलं होतं. कवटीला चिकटून वाढते, गोल, कडा स्वच्छ, ती मेनिंजिओमा. डोळ्यांच्या मागे, अगदी मधोमध, ती पिट्युटरीची. आतल्या आत पसरलेली, कडा नसलेली, तो ग्लायोमा. आणि चौथा ढीग बिनगाठीचा. आठवड्याभरात तू माझ्याहून भराभर लावायला लागलीस. अडलं तर फिल्म खिडकीशी धरायचीस, तुझ्या तोंडावर निळा उजेड पडायचा आणि तू मला विचारायचीस, "मामा, हे माणूस बरं झालं का?" तिसऱ्या ढिगातल्या फिल्मांबद्दल मी नेहमी हो म्हणायचो.

ताईला हे ढीग मुळीच आवडायचे नाहीत. पोरीच्या हातात लोकांची दुखणी कशाला देतोस, म्हणून रागवायची. पण परभणीला आली की तीही दारात उभी राहून बघायची. तिच्या पिशवीत तुझ्यासाठी दशम्या असायच्या आणि माझ्यासाठी ठेचा वेगळा.

विचार करून कळवतो.

तुझा,
व्यंकटमामा


पूर्णा, १३ जुलै २०२५

चि. मैत्रेयी,

विचार करून कळवतो असं मी लिहिलं होतं. विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. कवटीच्या मागची काळी जागा हे शब्द वाचले आणि त्याच मिनिटाला मला कारण कळलं. कळूनही जाळीचं निमित्त पुढे केलं. सिद्धोधनला विचारलंसुद्धा नाही, कारण त्याने ते लगेच सांगून टाकलं असतं.

आज लिहितो आहे ते शेजारच्या मनकर्णामुळे. तिला दोन महिन्यांपासून सकाळी उठलं की डोकं दुखतं आणि ओकारी येते. शिबिरात तिने नाव दिलं आहे. काल भाकरी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, आता मशीनच सांगनार हाय म्हणं. चुकत न्हाई म्हणत्यात. न्हाई म्हणली की मी मोकळी." ती गेल्यावर मी भाकर झाकून ठेवली आणि तुझा ईमेल पुन्हा काढून वाचला.

तर ऐक. आमच्याकडे डोकेदुखीच्या पेशंटचे आधी साधे फोटो व्हायचे, मग गाठ उठून दिसावी म्हणून हातात औषधाची सुई देऊन पुन्हा वीस मिनिटांची फेरी, आणि तुमच्या संस्थेला दिलेले फोटो या दुसऱ्या फेरीचेच आहेत. डोक्यात गाठ असणाऱ्याला सपाट पडवत नाही. डोकं फुटतं की काय असं होतं, आणि हलला तर सगळं पुन्हा करावं लागतं. पहिल्याच वर्षी जिंतूरकडचे एक म्हातारे आत अक्षरशः रडले. दुसऱ्या दिवशी मी आमच्या आईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं नेलं आणि त्याचे चौकोन फाडले. तेव्हापासून पहिल्या फोटोंत गाठ दिसली की मी दुसऱ्या फेरीआधी पेशंटला बाहेर घ्यायचो आणि डोक्याखाली त्याची घडी सरकवायचो. दोन बोटं जाड. लोकांना तेवढ्यानेही बरं वाटायचं. लुगडं संपलं तेव्हा ताईने तिचं एक जुनं पातळ दिलं होतं. सिद्धोधनने माझं बघून तेच उचललं.

ज्यांच्या डोक्यात काही दिसायचं नाही त्यांना मी घडी देत नव्हतो. ते आरामात पडून राहायचे, आणि बाहेर रांग असायची.

फोटोत कापड उमटत नाही. पण डोकं चौकटीत दोन बोटं वर येतं, हनुवटी थोडी आत वळते आणि मागे काळी जागा जास्त सुटते. बारा वर्षं, गाठ असलेल्या एकूण एक माणसाची. तुझ्या यंत्राने गाठ शिकलेलीच नाही, मैत्रेयी. ते माझी घडी बघून उत्तर देतं. दुसऱ्या शहरात अशी घडी कोणी देत नसणार. शिबिरातही कोणी देणार नाही. तिथे मनकर्णासारखी माणसं सपाट पडतील आणि यंत्र त्यांना घरी जा म्हणेल. ते थांबव. माझं नाव घालून थांबव, मला काही म्हणायचं नाही.

हे एवढंच असतं तर मी पंधरा दिवस गप्प का बसलो असतो? पडद्यावरचं मला कळत नव्हतं असं मी तुला सहा वर्षं सांगत आलो. आता या पत्रानंतर ते कोण खरं मानेल? घडी ठेवणाऱ्याला गाठ दिसलेली असायचीच. तू हुशार आहेस, पुढचं तुझं तूच बघशील.

व्यंकटमामा


पूर्णा, २२ जुलै २०२५

चि. मैत्रेयी,

तुझी एकच ओळ आली. 'आईच्या डोक्याखाली घडी होती का?'

होती.

तुझ्याजवळच्या ताईच्या फिल्मा काढून तू पाहिल्या असशीलच, तरी माझ्या तोंडून ऐकायचं आहे हे मला समजतं. ७ सप्टेंबर २०१८, शुक्रवार. ताईच्या हातातून वस्तू पडायला लागल्या होत्या, म्हणून झरीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. मशीनवर मीच होतो. साधे फोटो पडद्यावर यायला लागले आणि चौथ्या-पाचव्या चित्राला मला कळलं. तो तिसऱ्या ढिगातला फोटो होता. मी ताईला बाहेर घेतलं आणि तिच्याच पातळाची घडी तिच्या डोक्याखाली ठेवली. ती डोळे मिटूनच म्हणाली, "लय बरं वाटायलंय रे. आधीच का नाही ठेवलंस?"

डॉक्टर रजेवर नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट लिहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लवकर नांदेडला दाखवा म्हणाले. तो रिपोर्ट मी घेतला आणि कोणालाच दाखवला नाही. ताईला, झरीच्या डॉक्टरांना, सगळ्यांना अजून आला नाही असंच सांगत राहिलो. पंधरा नोव्हेंबरला ताईला फीट आली, तेव्हा सेंटरमध्ये जाऊन दुसरी प्रत काढली. कॉम्प्युटर छापतो त्या दिवसाची तारीख टाकतो. तीच प्रत तुझ्या हातात आली. नऊ आठवडे आणि पाच दिवस मी ती गोष्ट दाबून ठेवली. वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. फेब्रुवारीत ती गेली, कदाचित तरीही गेली असती. पण ते ठरवणं माझं नव्हतं.

का केलं ते लिहायचं म्हणून चार कागद फाडले. तू नुकतीच एम.टेक.ला लांब गेली होतीस, पहिलीच परीक्षा होती, ताईने सांगितलं असतं तर तू सोडून आली असतीस, असं मी मनाशी खूप वेळा म्हटलं. ते कारण मी मागाहून शोधलेलं आहे. खरं कारण असं की मला भीती वाटली. ज्या बाईने मला लहानाचं मोठं केलं तिच्यासमोर बसून ते वाक्य बोलायची माझी छाती झाली नाही. आज सांगू, सणानंतर सांगू, असं म्हणत राहिलो. बारा वर्षं दुसऱ्यांच्या नातेवाइकांना मी म्हणायचो, धीर धरा, इलाज होतो. घरच्या वेळी माझी वाचाच गेली.

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. मागायलासुद्धा काही हक्क लागतो.

व्यंकट


पूर्णा, १० ऑगस्ट २०२५

चि. मैत्रेयी,

काल सिद्धोधनने तुझा निरोप वाचून दाखवला. शिबिरातलं यंत्र तू थांबवलंस, सगळे फोटो डॉक्टरच बघणार हे कळलं. मनकर्णाला मी उद्याच सिद्धोधनकडे नेतो आहे, शिबिराची वाट न बघता. आम्ही दोघांनी आठ दिवस बसून अकराशे चाळीस फाइली बघितल्या आणि घडीच्या वेगळ्या काढून यादी तुझ्या ऑफिसला पाठवली. तू आता प्रत्येक फोटोतलं डोकं कापून, सरळ करून, चौकटीच्या मधोमध बसवून यंत्राला पहिल्यापासून शिकवलंस. सत्त्याण्णवाचे एक्याऐंशी झाले, पण लाल रंग गाठीवर पडायला लागला. तुझ्या साहेबांना आकडा उतरल्याचं वाईट वाटलं असेल. मला विचारशील तर हे एक्याऐंशी खरे आहेत.

आईची फाइल यादीतून वगळू नका, तिच्यावरूनही यंत्र शिकू दे, हे तू सिद्धोधनला सांगितलंस. तो मला तोंड दुसरीकडे करून सांगत होता.

आणि शेवटी माझ्यासाठी तू जे लिहिलंस ते मी तीनदा वाचायला लावलं. 'त्या दिवसांत आई थोड्याच दिवसांची आहे हे फक्त तुम्हाला माहीत होतं. मी फोनवर पाच मिनिटं बोलून अभ्यासाला बसत होते. तुम्ही तिच्याकडे नीट बघितलं असणार. ते मला लिहून द्या.'

बघितलं. दहा रविवार झरीला गेलो आणि दहाही माझ्याजवळ आहेत. पहिल्यापासून लिहितो, एका पत्रात एक.

नऊ सप्टेंबर, पोळ्याचा दिवस. रिपोर्ट आदल्या दिवशीच हातात आला होता आणि तो माझ्या पिशवीत होता. आज सांगायचंच असं ठरवून मी एसटीत बसलो होतो. झरीत गल्लोगल्ली बैल रंगवणं चाललं होतं, गेरूचे शिंतोडे ओट्यांपर्यंत उडालेले. शेजारच्या परमेश्वरची जोडी दारात आली तेव्हा ताई ओवाळायला बाहेर गेली. अंगावर मोरपंखी पातळ, केस नुकतेच धुतलेले. आरतीचं ताट तिने डाव्या हाताने धरलं. परमेश्वरच्या बायकोने विचारलं तर हसून म्हणाली, उजवा हात आज सुट्टीवर आहे. बैलाने तिच्या ताटातली पोळी जिभेने ओढली आणि ती लहान पोरीसारखी मागे सरली. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण त्या क्षणी मला आमच्या आईच्या घरची ताई दिसली, परकर खोचून अंगणात पळणारी.

आत येऊन पुरणाच्या पोळ्या करायला बसली. लाटणं दोनदा सुटलं. मी पोळ्या लाटतो म्हणालो तर म्हणाली, तुझ्या पोळीचा भारताचा नकाशा होतो, तू तूप वाढ. तुझा विषय चालला होता. तू लहानपणी मातीच्या बैलांची लग्नं लावायचीस, ते सांगत होती. मधेच थांबली आणि माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "व्यंकट, तुला काही सांगायचं असलं तर जेवण झाल्यावर सांग. सणाचं आधी पोटभर जेव."

मी तीन पोळ्या जेवलो. तिने सगळं आवरलं, हात पुसले, सुपारी कातरून माझ्यापुढे ठेवली आणि समोर भिंतीला टेकून बसली. रस्त्यावर हलगी वाजत होती, ती लांब जाईपर्यंत बसून राहिली. पाऊण तास तरी झाला असेल. ती थांबली होती, मैत्रेयी. तिला कळलं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही, पण मला बोलता यावं म्हणून ती थांबली होती, आणि मी एसटीची वेळ झाली म्हणून उठलो.

व्यंकट